वाल, पट्टे आणि वाघ : प्राणिगणनेच्या खेळाची पूर्वतयारी

काही प्राणी पकडून, खूण करून सोडायचे आणि पुन्हा पकडलेल्यांत खुणेचे किती यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा, ही ‘पकडा, खूण करा, पुन्हा पकडा’ पद्धत. आठवी-नववीच्या वर्गात प्राण्यांऐवजी वाल वापरून तिचा खेळ घ्यायचा असेल, तर प्रत्येक गटासाठी एक जाड कापडी पिशवी आणि साधारण एकाच आकाराचे कोरडे वाल आधी जमवावेत. प्रत्येक पिशवीतले वाल शिक्षकाने स्वतः मोजून तो आकडा बंद पाकिटात ठेवावा, कारण अंदाज खऱ्या संख्येशी ताडून पाहण्याची सोय जंगलात कधीच मिळत नाही.

खुणेसाठी न पुसणारा मार्कर घ्यावा. टिकली चिकटवू नये. ती बोटांना जाणवते आणि मुले नकळत तेच दाणे उचलतात किंवा टाळतात. शाई पूर्ण वाळल्याशिवाय वाल परत टाकू नयेत, नाहीतर ती शेजारच्या दाण्यांना लागते.

सूत्र फळ्यावर आधी लिहून ठेवू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. ४० वालांवर खुणा करून ते परत टाकले, पिशवी नीट हलवली आणि दुसऱ्या खेपेस निघालेल्या ४८ दाण्यांत ८ खुणेचे असले, तर एकूण वाल २४० असावेत, हे मुले त्रैराशिकाने स्वतः काढू शकतात. खुणेचे ६ निघाले तर उत्तर ३२० येते, १० निघाले तर १९२. म्हणून दुसरी खेप प्रत्येक गटाने निदान पाच वेळा करावी आणि त्यासाठी कोरा तक्ता तयार असावा.

पुढच्या फेरीसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवाव्यात : ‘पिशवी हलवू नका’, ‘तीस नवे वाल टाका’. पद्धतीची गृहीतके मोडली की अंदाज कुठे ढळतो, हे यातून हाताला कळते.

वेळ उरल्यास वाघांची पत्ते-जुळवणी घ्यावी : इथे पट्टे हीच खूण, त्यांवरून एकाच वाघाचे पत्ते जुळवायचे. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने पत्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कूस काढावी. जंगलात वाघांचे फोटो टिपणारे कॅमेरेही पायवाटेच्या दोन्ही बाजूंना याचसाठी लावतात. २०२२ च्या व्याघ्रगणनेतला देशाचा सरासरी अंदाज ३,६८२ असला, तरी तो ३,१६७ ते ३,९२५ या पल्ल्यासह जाहीर झाला होता, हे सांगून गटांनाही आपापला पल्ला लिहायला लावावा आणि मगच पाकिटे उघडावीत.

शाई लागलेले वाल वेगळ्या बरणीत, ‘खाण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवावेत.