दशांश दिला, मग हिशोब कशाला? ख्रिस्ती घराच्या बजेटमधल्या या चुका टाळा

गेल्या कापणीच्या सणाला आमच्या चर्चच्या मंडळीत लिलावात केळीचा एक घड १,६०० रुपयांना गेला. असेल वीस-बावीस किलोचा. बाजारात त्याचे तीनशेही आले नसते, आणि बोली लावणाऱ्या भावाच्या यावलकडच्या शेतात तसल्याच घडांची अख्खी बाग उभी होती. लिलावात असं व्हायचंच. पैसा प्रभूच्या कामाला जातो, लोक हसतात, टाळ्या पडतात. खजिनदार म्हणून मी वही घेऊन बाकावर बसलो होतो. बुधवारी तोच भाऊ घरी आला, चहा अर्धा टाकला आणि म्हणाला, "दादा, पाच हजारांचं बघा ना. पोराची दुसऱ्या सत्राची फी राहिलीय."

मी त्याला काय बोलणार? रेल्वेत भुसावळला ३१ वर्षं काढली, सासुरवाडी पारोळा तालुक्यातली कापसाची. पगारी घर आणि शेतीचं घर, दोन्हींच्या वह्या जवळून पाहिल्या. मराठीत 'मंडळी' शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि मला दोन्ही मंडळींना पैशाचं उत्तर द्यावं लागलं. चर्चच्या मंडळीचा ताळेबंद कधी रुपयानं चुकला नाही. घरच्या मंडळीसमोर मात्र बरेचदा मान खाली घालावी लागली. पुढच्या चुकांपैकी निम्म्याअधिक माझ्याच नावावर आहेत.

चूक पहिली : दहा टक्के देवाचे, नव्वद माझे

बाकीच्या बऱ्याच चुका हिच्या पोटातून निघतात. पगार झाला की दहावा भाग अर्पणाच्या पाकिटात घातला. देवाचं देवाला पोचलं. आता उरलेल्याचं काय करायचं ते मी बघीन. या नव्वद टक्क्यांवर कधी प्रार्थना होत नाही, कधी नवरा-बायको समोरासमोर बसत नाहीत, कधी कागदावर आकडा येत नाही. मोबाइलचा हप्ता, मेव्हण्याच्या लग्नातला आहेर, टपरीवरचा रोजचा चहा, सगळं त्या अंधारात.

लूकच्या १६व्या अध्यायात मालक कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, आपल्या कारभाराचा हिशोब दे. आपल्याकडे बाईमाणूस नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, आणि तो स्वतःला मालक समजतो. दृष्टान्तातला कारभारी मालक नाही. सगळीच मालमत्ता दुसऱ्याची, याच्याकडे फक्त राखायला. तिथे मालकानं दहा टक्क्यांचा हिशोब मागितलेला नाही.

करायचं एवढंच: दशांशाची नोंद वेगळ्या पवित्र वहीत ठेवू नका. ज्या पानावर दशांश, त्याच पानावर किराणा, गॅस, हप्ते, पानसुपारीसुद्धा. आमच्या घरी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दशांशाच्या खालच्या ओळीत माझा बाहेरच्या खाण्याचा आकडा आला आणि तो दशांशापेक्षा मोठा निघाला. बायको काही बोलली नाही. वही तशीच उघडी ठेवून आत गेली.

शेतकरी भाऊ मला नेहमी विचारतात, दशांश विक्रीवर काढायचा की खर्च वजा जाता? समजा चार एकरांत २० क्विंटल कापूस झाला आणि ७,००० चा भाव मिळाला. हातात १,४०,००० आले. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी मिळून ७५,००० गेले. कमाई ६५,००० ची झाली. माझं मत विचाराल तर दशांश ६,५०० चा. पौल १ करिंथ १६:२ मध्ये ज्याला जसं यश मिळालं त्या मानानं बाजूला ठेवायला सांगतो, आणि खताच्या दुकानदाराची उधारी हे काही आपलं यश नव्हे. कोणाला विक्रीवर द्यायचं असेल तर आनंदानं द्यावं, पण दुसऱ्यावर ओझं टाकू नये.

नवापूर-अक्कलकुव्याकडची आपली भावंडं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मुकादमाकडून घेतलेली उचल ही कमाई नाही, ते कर्ज आहे. उचलीतून दशांश काढणं, नाताळाचे कपडे घेणं, मंडळीच्या बांधकामाला रक्कम बोलणं, हे सगळं अजून न तोडलेल्या उसावर चाललेलं असतं.

चूक दुसरी : शेतीच्या घराला पगाराचं बजेट

मोबाइलवर बजेटचे जेवढे सल्ले येतात ते एक तारखेला पगार होणाऱ्यांचे असतात. गरजा एवढे टक्के, हौस एवढे टक्के, बचत एवढे टक्के. कापसाच्या घरात एक तारीख नसते. पैसा दसऱ्यापासून यायला लागतो, डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतो आणि मग थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत सुकाळ संपला.

त्यात आपली ख्रिस्ती घराची खास अडचण. कापूस विकला जातो नेमका त्याच सुमारास नाताळ येतो. घराला रंग, सगळ्यांना कपडे, अनारसे-करंज्या, कॅरल पार्टीला चहापाणी, पाळकसाहेबांना भेट. लगेच जानेवारीपासून लग्नसराई. खात्यात दीड लाख दिसत असतात, हात सैल सुटतो. आणि जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस पडतो, बीटी बियाण्याचं एकेक पाकीट नऊशेच्या घरात, एकरी दोन लागतात. तेव्हा खातं रिकामं. नाताळातल्या रंगाचं व्याज आपण जूनमध्ये भरतो, हे आम्हाला सासऱ्यांच्या घरी पाच-सहा वर्षं पाहूनसुद्धा कळलं नव्हतं.

वरच्याच उदाहरणातल्या ६५,००० मधून दशांश वजा करा. राहिले ५८,५००. त्याला १२ नं भागा. महिन्याला ४,८७५. दुधाचे, मजुरीचे, लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर ते त्यात मिळवा. हा आकडा डिसेंबरातच काढला पाहिजे, आणि तो मोठ्यानं वाचला पाहिजे, पोरं ऐकतील असा. दीड लाखवाला माणूस आणि महिना पाच हजारांचा माणूस एकच आहे हे एकदा कानावर पडलं की साडीच्या दुकानात बसायची तऱ्हा बदलते.

मग भाग पाडा. कापसाचा पैसा खात्यात जमा झाल्याच्या आठवड्यात, नाताळाच्या खरेदीआधी, बियाणं-खत-शाळा यांची रक्कम बँकेत सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका. डिसेंबरात टाकली की बरोबर जूनला हातात येते. आमच्या घरात तिला 'जूनचा डबा' म्हणतात. मुदत ठेव मोडता येते, नाही असं नाही, पण बँकेत जाऊन फॉर्म भरेपर्यंत निम्मी हौस विरते.

हे काही परकं शहाणपण नाही. माझ्या सासूबाई एप्रिलच्या उन्हात गच्चीवर बिबडे घालायच्या, कुरडया वाळवायच्या, दादर ज्वारीमध्ये कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायच्या. वर्षाचं तिखट, वर्षाची डाळ. पावसाळ्यात भाजी महागली तरी त्यांच्या घरी ताट रिकामं नसे. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायात योसेफानं सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात टाकायला लावला, तेच. धान्याच्या बाबतीत खान्देशातली प्रत्येक बाई योसेफ आहे. पैशाच्या बाबतीत मात्र आपण कोठीला झाकणच बसवत नाही. सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "पैसा येस, पैसा जास. लिखेल शे का काही?" लिहिलेलं काहीच नव्हतं.

चूक तिसरी : अर्पणाला बियाणं समजणं

'एक हजार पेरा, देव शंभरपट देईल' असं सांगणारे वक्ते आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. मलाखी ३:१० (दशांश आणा, मग मी आशीर्वाद ओततो की नाही पाहा) वाचून दाखवतात आणि खाली क्यूआर कोड. मी यावर फार लिहिणार नाही, कारण राग येतो. संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो असं २ करिंथ ९:७ सांगतं. परताव्याच्या हिशोबानं देणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. आणि मार्कच्या ७व्या अध्यायातला 'कुर्बान'चा उतारा या वक्त्यांच्या तोंडी मी अजून ऐकलेला नाही. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू तिथे चांगलंच सुनावतो. घरी आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात आणि आपण सभेत पाच हजार बोललो, तर पावती कोणाच्या नावानं फाडायची?

चूक चौथी : आशीर्वादाची साक्ष, कर्जाची चूपचाप

मंडळीत लोक नोकरीची साक्ष देतात, बरं झाल्याची देतात. कर्जात आहोत हे सांगायला उभं राहिलेलं मी कोणाला पाहिलं नाही. घरातसुद्धा नाही. बाईनं गटाचं कर्ज उचललंय ते नवऱ्याला ठाऊक नसतं, नवऱ्यानं गावात शेकडा तीननं घेतलेत ते बाईला.

शेकडा तीन ऐकायला लहान वाटतं. ४०,००० घेतले तर महिन्याला १,२०० व्याज, वर्षाला १४,४००, आणि मुद्दल जिथल्या तिथे. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. याउलट डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं. तरी आपण काय करतो? सावकार दारात येतो म्हणून त्याचं व्याज देत राहतो आणि बँक दारात येत नाही म्हणून तिची मुदत चुकवतो.

२ राजे ४ मधली विधवा अलीशाकडे रडत येते, सावकार दोन्ही पोरांना गुलाम करायला आलाय म्हणून. अलीशा आधी चमत्कार करत नाही, तुझ्या घरात काय आहे ते सांग, असं विचारतो. तेलाची एक कुपी निघते. शेवटी तो सांगतो, तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि पोरं जगा. क्रम बघा.

तसंच बसा दोघं. एका कागदावर सगळी कर्जं, कोणाचं, किती, शेकडा किती, मुदत कधी. शेजारच्या कागदावर घरात काय आहे: सोनं, शेळ्या, पडून असलेली मोटारसायकल, थकलेली येणी. सगळ्यात महाग व्याजाचं आधी मोडायचं, पण पीककर्जाची मुदत हुकू द्यायची नाही. मायक्रोफायनान्सचे हप्ते असतील तर हेही लक्षात असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार अशा घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नवा गट कर्ज द्यायला आला तर जुने हप्ते लपवू नका, सांगा. आणि परवाना नसलेली सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

चूक पाचवी : प्रीतीपोटी जामीन

नीतिसूत्रे ६ च्या पहिल्या पाच ओवींवर (दुसऱ्याला जामीन राहिलास तर स्वतःला सोडव) मी तरुणसंघात बोललो होतो. त्यानंतर वर्षभरात गायनमंडळातल्या एकाला जामीन राहिलो. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, रविवारी शेजारी उभं राहून गाणारा माणूस. त्याचे हप्ते थकले आणि माझ्या पगारातून १४ महिने कापले गेले. आम्ही दोघं एकाच बाकावर बसत राहिलो, बोलणं मात्र तुटलं. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, सही देणार नाही, जमेल तेवढे पैसे देतो आणि ते परत मागणार नाही. बहुतेक वेळा दोन-तीन हजारांत प्रश्न मिटतो, आणि रविवारी दोघांना एकमेकांकडे बघता येतं.

चूक सहावी : "प्रभू सांभाळील, विमा कशाला?"

सांभाळतो. बँकेतून मिळणारे पंतप्रधान योजनेतले विमे, २० रुपयांत वर्षभर सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि ४३६ रुपयांत जीवनज्योती (आयुर्विमा), दोन्ही २ लाखांचे, हेही त्याच्याच सांभाळण्यातलं समजा. पहिल्याला वयाची अट १८ ते ७०, दुसऱ्याला १८ ते ५०. खात्यात मे अखेरीस पैसे शिल्लक ठेवा, म्हणजे हप्ता कापला जाईल.

ठेवींचं मात्र उलटं. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून वडिलांचे निवृत्तीचे पैसे आम्ही एका पतसंस्थेत ठेवले, आणि ते निघता निघेनात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. तिथला व्यवस्थापक चांगला माणूस होता एवढंच पाहिलं.

वही बंद पडली तर

पडतेच. तिसऱ्या महिन्यात पडते, बहुतेक पाहुणे आल्याच्या आठवड्यात. मग मागचे वीस दिवस आठवून लिहायला बसू नका. ते खोटं होतं आणि त्यावरून भांडण होतं. खिशात आणि डब्यात आज किती आहेत ते मोजा, तारीख टाका, तिथून पुढे चला. मधला जो आकडा जुळत नाही तो एका ओळीत लिहून टाका. आमच्या वहीत बायकोच्या अक्षरात तशा बऱ्याच ओळी आहेत. परवाची ताजी : 'विसरले, ३४०.' तिच्या खाली माझ्या अक्षरात : 'मीपण, २१०.'