पिकअपच्या चाकाचे नट आवळताय? या चुका टाळा

सोयाबीन भरून लातूरच्या मार्केटला निघालेली पिकअप असो नाहीतर मोसंबी घेऊन जालन्याला जाणारी, पंक्चर निघालं की सगळ्यांचं एकच, "चल बाबा, उशीर व्हायलाय", मग पान्यावर पाय देऊन दोन दणके आन् गाडी रोडला. नट ढिला राहिला तर चाक निघतं हे सगळ्यांना माहितीय, पण जास्त आवळलेल्या नटानं पण स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, तुटतो आन् शेवट तोच होतो हे कुणी मनावर घेत नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकीचं मग आपोआप कळंल. गाडीचा लोड नटावर लटकलेला नसतो. नट आवळला की स्टड जरासा ताणला जातो, त्या ताणानं डिस्क (चाकाची लोखंडी थाळी) हबला (चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागाला) घट्ट दाबून बसते आणि त्या दाबामुळं जे घर्षण होतं त्यावर चाक चालतं. म्हणजे खरा खेळ ताणाचा आहे. आता गंमत अशी की आपण पान्यावर जेवढा जोर लावतो त्यातला ढोबळमानानं १० टक्केच ताणात जातो, बाकी सगळा आट्यांच्या आन् नटाच्या बैठकीच्या (नट डिस्कवर टेकतो ती जागा) घासण्यात संपतो. म्हणून तिथं माती, रंग, ऑइल काही आलं की जोर तोच पण ताण भलताच.

पावसाळ्यात आपल्याकडं सगळ्यात मोठी भानगड काळ्या मातीची. शेतातल्या वाटेवर टायर बसलं, चाक काढून खाली टाकलं, स्टेपनी गाडीखालून काढली ती आधीच चिखलानं माखलेली, आणि तसंच उचलून चढवलं. आवळताना नट मस्त कडक लागतो, काही शंकाच येत नाही. पण डिस्क आणि हबच्या मधी चिखलाचा पापुद्रा राहिलेला असतो, पाच-पन्नास किलोमीटरवर तो वाळतो, भुगा होऊन झडतो, आन् तेवढी जागा मोकळी झाली की स्टडवरचा ताण गायब. नट कुणी सोडला नाही तरी ढिला! पोत्याचा तुकडा आणि तारेचा ब्रश गाडीत ठेवा, डिस्कची आतली बाजू, हबचं तोंड आणि आटे पुसल्याशिवाय चाक चढवू नका. आणि काळ्या मातीत जॅकखाली जाड फळी पाहिजेच, नाहीतर जॅक रुततो, गाडी एका अंगाला झुकते. दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लावायचा हे सांगायला नको.

तसाच प्रकार दसऱ्याचा. पूजेच्या आधी डिस्कला चंदेरी रंग मारायचा म्हणून लोक बैठकीवर, मागच्या बाजूनं, सगळीकडं जाड थर देतात. तो थर दाबाखाली चेपतो आणि नट सुटा होतो. रंग द्या ना, गाडी दिसली पाहिजे की, पण नटाच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या जागेवर देऊ नका.

आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावायची पण सवय आहे, पुढच्या वेळी सहज निघंल म्हणून. नट किती जोरानं आवळायचा याचा कंपनीचा आकडा (टॉर्क) कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही ऑइल लावून तेवढंच आवळलं तर घासणं कमी होतं, ताण लई वाढतो, स्टड लांबतो. मॅन्युअलमध्ये लिहिलं नसंल तर कोरडेच ठेवा.

आता पाईपचं. बऱ्याच हलक्या पिकअपला आकडा साधारण १०० ते १५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका मॅन्युअलमध्ये बघा. ४० सेंटीमीटरच्या पान्यावर ३० किलोचा जोर दिला की ११८ होतात. तोच जोर एक मीटरच्या पाईपवर दिला की २९४. आणि ७० किलोचा गडी नुसता पान्याच्या टोकावर उभा राहिला तरी २७५ च्या घरात जातो, उड्या मारल्या तर विचारूच नका. पाईप सोडायला वापरा, आवळायला नाही. एअर गनचं पण तेच, पंक्चरवाल्यानं गन लावून घुर्रर्र केलं की किती बसला ते त्यालाही कळत नाही, म्हणून त्याला सांगा भाऊ गननं नुसते टेकव, शेवटचं हातानं नाहीतर टॉर्क रेंचनं (जोर मोजून आवळायचा पाना) कर.

नट आधी बोटांनी चढवा. बोटांनी जात नसंल तर आटा आडवा बसलाय, पाना मारला की आटे गेलेच. निमुळत्या नटाची निमुळती बाजू डिस्ककडं, हे अंधारात उलटं होतं बरं का. मग एक नट, त्याच्या समोरचा, असं आलटून पालटून दोन-तीन फेऱ्यांत आवळा, ओळीनं गेलात तर डिस्क एका बाजूला टेकते. जॅकवर असताना नुसतं टेकवायचं, टायर जमिनीला लागल्यावर फायनल. मांजरसुंब्याचा घाट उतरून लगेच चाक बदललं तर हब तापलेला असतो, गार झाल्यावर परत बघा.

५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचाच. अंबाजोगाईत चाक बदललं तर लातूरला माल उतरवताना लावा, दोन मिनिटं लागतात.

चालताना काय दिसतं? हळू स्पीडला चाकातून टकटक यायलीय, स्टेअरिंग थरथरतंय, नटापासून डिस्कवर गंजाचे लाल ओघळ उतरलेत किंवा भोकाभोवती चकचकीत घासल्याची खूण दिसतीय, यातलं काही असलं तर जोरात ब्रेक न मारता हळूच साईडला घ्या. भोक लांबट झालं असंल तर ती डिस्क भंगारात, वेल्डिंग करून वापरू नका. नट फिरतोय पण निघत नाही तर बहुतेक स्टडच हबमध्ये फिरतोय, तो बदलायचा. एक स्टड तुटला तर त्याच्या शेजारचे दोन्ही पण बदलून घ्या, कारण त्याचा भार इतके दिवस त्यांनीच वाहिलेला असतो, आणि नवीन स्टड आतून हातोड्यानं ठोकून अर्धवट बसवण्यापेक्षा प्रेसवर नीट बसवून घ्या.