हवेतून लेझर लिंक: रिसीव्हर बांधताना या चुका टाळा

लेझरचा किरण हवेतून सोडून डेटा पाठवणारी लिंक दुपारी गंडली की लेझरची पॉवर वाढवायची, हा उपाय बघून बघून आता वीट आलाय.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे थ्रेशोल्ड, म्हणजे 'एक' आणि 'शून्य' वेगळे करणारी पातळी, एकदा लावून विसरणं. तापलेल्या हवेतले गरम-गार झोत किरण सतत वाकवतात आणि डिटेक्टरवरची पॉवर काही मिलिसेकंदांत चढते-पडते. थ्रेशोल्ड सरासरीशी बांधलेला असेल, तर खोल फेडमध्ये, म्हणजे पॉवर खूप पडते तेव्हा, प्रत्येक 'एक' हा 'शून्य' म्हणून वाचला जातो.

दोन गच्च्यांमधल्या एका लिंकवर हेच चाललं होतं. सूर्योदयाच्या सुमारास सगळं स्वच्छ, कारण तेव्हा टर्ब्युलन्स, म्हणजे हवेतली ही खळबळ, सगळ्यात कमी असतो. दुपारी एररचा पाऊस. पोरांनी पॉवर दुप्पट केली आणि नव्या सरासरीनुसार थ्रेशोल्डही दुप्पट केला. एरर रेट जागचा हलला नाही. हलेल कसा? पॉवर आणि थ्रेशोल्डचं गुणोत्तर तेच राहिलं. मग रिसीव्हर लॅबमध्ये आणून ॲटेन्युएटर लावला, तर तो ठणठणीत! ॲटेन्युएटर प्रकाश कमी करतो, लुकलुकवत नाही, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ऑसिलोस्कोपचा टाइमबेस (पडद्यावर दिसणारा काळ) नॅनोसेकंदांवरून मिलिसेकंदांवर नेल्यावर फेड उघडे पडले.

मी सरळ ८बी/१०बी कोडिंग ('एक' आणि 'शून्य' जवळपास समान ठेवणारं) आणि एसी कपलिंग (सिग्नलची संथ बदलणारी सरासरी काढून टाकणारं) वापरतो. कपलिंगचा टाइम कॉन्स्टंट (ते किती वेळात सरासरीशी जुळवून घेतं) १० मायक्रोसेकंदांच्या आसपास: सेकंदाला १ गिगाबिट वेगाला ते १०,००० बिट होतात, म्हणजे डेटा बिघडत नाही आणि फेडचा माग मात्र लागतो. फेड इतका खोल गेला की सिग्नल नॉइजमध्येच बुडाला, तर यानेही काही होत नाही.

तिथे लोक एफईसीवर, म्हणजे जादा बिट पाठवून चुका दुरुस्त करणाऱ्या कोडवर, भिस्त ठेवतात. त्यातला आरएस(२५५,२३९) हा रीड-सॉलोमन कोड २५५ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये ८ बाइट दुरुस्त करतो. १ गिगाबिटला ५ मिलिसेकंदांचा फेड म्हणजे ५० लाख बिट, तिथे एकटा कोड पुरत नाही. फेडपेक्षा कितीतरी लांब इंटरलीव्हर (बिटांचा क्रम विखुरून चुका अनेक ब्लॉकमध्ये वाटणारा) घ्या, किंवा पॅकेट पुन्हा पाठवा. मी पॅकेट पुन्हा पाठवतो. घाईघाईत लिहिलेला इंटरलीव्हर डीबग करायची हौस मला नाही.

लेन्स लहान ठेवू नका. १५५० नॅनोमीटरला १ किलोमीटरवर √(λL), म्हणजे तरंगलांबी गुणिले अंतर याचं वर्गमूळ, जवळपास ४ सेंटिमीटर येतो; त्याहून बरीच मोठी लेन्स असेल तर चढउतार आपोआप सरासरीत विरतात.

पण फोकल लेंग्थ २०० मिलिमीटर असेल, तर किरणाच्या ०.५ मिलिरेडियन हेलकाव्याने स्पॉट १०० मायक्रोमीटर सरकतो. ७५ मायक्रोमीटरचा डिटेक्टर तिथे हुकणारच.

एपीडीचा (सिग्नल आतच वाढवणाऱ्या अॅव्हलांश फोटोडायोडचा) गेन कमाल ठेवू नका, नॉइजही वाढतो.

नॅरोबँड फिल्टर (लेझरच्या तरंगलांबीभोवतीचाच प्रकाश आत सोडणारा) समांतर किरणांतच बसवा. तिरक्या किरणांसाठी त्याचा बँड कमी तरंगलांबीकडे सरकतो.