हापूसची ऑनलाइन जाहिरात: तोडणीआधी करायची तयारी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या बागांत पहिल्या मोहोराचे फळ आता सुपारीपासून अंड्याच्या आकारापर्यंत आले आहे. कागदी पिशव्या बांधणे, फवारण्या, फळगळीवर लक्ष ही कामे चालू असतानाच विक्रीची आखणीही करून ठेवा. सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात पाठवण्याऐवजी निवडक फळ थेट गिऱ्हाइकाला द्यायचे असेल, तर ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरची साधी जाहिरात लहान बागायतदारालाही परवडते. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळल्यापासून आवाराबाहेर थेट विकायला आडकाठी नाही.

सगळी बाग मात्र जाहिरातीच्या भरवशावर ठेवू नका. आंबा थांबत नाही. पहिल्या वर्षी फार तर चौथा हिस्सा थेट विक्रीला काढा, बाकीचा नेहमीच्या व्यापाऱ्याकडे जाऊ द्या.

पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक हापूसच्या नावावर अनेकदा फसलेले असते. कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकला जातो, हे त्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे ‘अस्सल, नैसर्गिक, उत्तम दर्जा’ असे शब्द त्याच्यावर काही परिणाम करत नाहीत. त्याला हवी असते ती नेमकी माहिती: आंबा कुठल्या गावचा, फळ किती ग्रॅमचे, तोडणी कधी, आणि हातात पडेल तेव्हा कच्चा असेल की तयार. जाहिरातीचे शीर्षकच असे लिहा: ‘देवगड हापूस, ५ डझनाची पेटी, फळ २५० ते ३०० ग्रॅम, तोडणी एप्रिलचा दुसरा आठवडा, पुण्यात पोच’. एवढ्यात निम्मे फोन वाचतात.

नुसते ‘मोठे फळ’ लिहिले की वाद ठरलेला. दोन-तीन वजनगट करा आणि प्रत्येक गटाचा दर वेगळा लिहा. पेटीचा दर आणि पोचवण्याचा खर्च वेगवेगळे दाखवा. दर ठरवताना वाशीचा त्या आठवड्याचा भाव बघा, पण त्यातून हमाली, अडत, भाडे वजा जाऊन तुमच्या हातात काय उरते तेही मांडा. तुमची तुलना त्या उरलेल्या रकमेशी आहे.

हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) २०१८ मध्ये मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो जाहिरातीत जरूर टाका. नोंदणी नसेल तर मानांकनाचे चिन्ह वापरू नका.

फोटो स्वतःच्याच बागेचे हवेत, दिवसाच्या उजेडात काढलेले. झाडावरचे फळ, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) चाललेली तोडणी, काट्यावर ठेवलेले एक फळ, पेंढ्यात भरलेली पेटी, एवढे चार पुरतात. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो गिऱ्हाईक लगेच ओळखते.

तोडणीच्या तारखेबाबत सर्वांत जास्त काळजी घ्या. फळधारणेपासून साधारण ११० ते १२० दिवसांनी फळ काढणीला येते. पण उन्हाचा तडाखा किंवा अवकाळी पाऊस आला की हिशेब बदलतो. म्हणून पहिल्या जाहिरातीत ‘एप्रिलचा दुसरा आठवडा’ एवढेच लिहा आणि नेमकी तारीख तोडणीच्या चार-पाच दिवस आधी टाका. मागणी आली म्हणून कोवळे फळ काढू नका. चौदा आणे (म्हणजे सोळापैकी चौदा हिस्से) तयार फळ, देठासह, सकाळी ऊन चढण्याआधी किंवा चारनंतर उतरवा. झाडावर जास्त ठेवलेल्या फळात साक्याचे (गरात होणाऱ्या पांढरट, स्पंजासारख्या भागाचे) प्रमाण वाढते, आणि साका बाहेरून दिसत नाही. सुरी लावल्यावर तो दिसतो तो गिऱ्हाइकाच्या घरी. फळ पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. पेंढ्याच्या आढीत पिकवत असाल तर जाहिरातीत तसे सांगा, आणि कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, ही सूचना प्रत्येक पेटीत चिठ्ठीवर लिहून घाला.

पोच देण्यासाठी प्रत्येक शहराला आठवड्यातला एकच वार ठरवा. एकेका पेटीसाठी कुरिअर परवडत नाही. एका सोसायटीतल्या दहा पेट्या एकत्र गेल्या की भाडे हलके होते. फोनसाठी वेगळा नंबर ठेवा आणि संध्याकाळी दोन तास घरातले कोणीतरी तो उचलेल असे बघा. खराब फळाचा फोटो पोच झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पाठवल्यास बदली फळ किंवा पैसे, ही अट आधीच लिहून टाका आणि नंतर कुरकुर न करता पाळा. पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक इथेच तयार होते.

पैशांच्या बाबतीत घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘लष्करात आहे, वीस पेट्या हव्यात, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा मानू नका. बँक खात्यात रक्कम दिसल्यावरच पेटी गाडीत चढवा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

आगाऊ रक्कम घ्यायची तर झाडावरचे फळ मोजूनच, तेही एका तोडणीपुरती. मोहोर बघून पैसे घेऊ नका. माल संपला की जाहिरातीत ‘ही तोडणी संपली’ असे त्याच दिवशी टाका आणि पुढची तारीख द्या.

मे अखेरीस वळवाच्या सरी आल्या की फळमाशीचा उपद्रव वाढतो. त्यानंतरचे फळ पोच विक्रीला काढू नका. उरलेला माल कॅनिंगला द्या आणि जाहिरात बंद करा.