घोड्याचं बोलणं ऐकायला शिका

माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी, त्यामुळे आमचं पोट घोड्यांवर. नव्या पोराच्या हाती मी आधी लगाम देत नाही, त्याला ऐकायला बसवतो.

पहाटे चंदीची, म्हणजे खुराकाची, बादली वाजली की माझी घोडी लाली घशातल्या घशात हुंकारते. तोंड मिटलेलं, नाकपुड्या थरथरतात. ही माया, घोडी शिंगराला अशीच जवळ बोलावते. खिंकाळी मात्र लांबच्या सोबत्यासाठी. तिच्यात नीट कान द्या, एकाच वेळी जाड आणि बारीक असे दोन सूर निघतात! २०१५ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. जाड सुरावरून घोडा किती खवळलाय ते कळतं, बारीक सुरावरून तो खूश आहे की कासावीस. जोडीदार परतला की खिंकाळी आखूड, बारीक सूर उतरलेला. ताटातूट झाली की लांब आणि चढी.

चरताना फुरफुरला तर बहुधा निवांत आहे.

पण कान मागे चिकटले, शेपटीचे फटकारे सुरू झाले, तर स्वार चढवूच नका. दुखणं घोडा आवाजात क्वचितच सांगतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करा, खोगीर उतरवा, पाठीवरून सावकाश हात फिरवा. कातडी जिथे थरकते, तिथे बघा.