खोक्यावर ७,०००, लॅपटॉपमध्ये ३,४००: एसएसडीचा वेग कुठे अडतो ते शोधायचं कसं

नवा एनव्हीएमई ड्राइव्ह (थेट पीसीआयई जोडणीवर चालणारा वेगवान एसएसडी) बसवला, वेग मोजला आणि आकडा खोक्यावरच्या आकड्याच्या निम्माच आला, की पहिला संशय ड्राइव्हवर जातो. (इथले वेगाचे आकडे सेकंदाला इतके एमबी असे वाचा.) बहुतेक वेळा ड्राइव्ह धडधाकट असतो. वेग अडतो तो लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये (ड्राइव्ह बसतो त्या खाचेत), उष्णतेमुळे, नाहीतर ड्राइव्हच्या आतल्या कॅशेच्या, म्हणजे भरभर लिहून घ्यायच्या तात्पुरत्या जागेच्या, मर्यादेमुळे. तिन्हींची लक्षणं वेगळी असतात आणि ती घरबसल्या ओळखता येतात. क्रम मात्र पाळा: आधी स्लॉट, मग उष्णता आणि कॅशे, विंडोज सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच फॉरमॅट मारून बसलात तर दिवस जातो आणि आकडा तिथेच राहतो.

आधी खोक्यावरचा आकडा नीट वाचा. त्यावर 'अप टू' असं लिहिलेलं असतं. तो वेग रिकाम्या ड्राइव्हवर, सलग मोठ्या फाइलसाठी, एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत लावून मोजलेला असतो. शिवाय तो बऱ्याचदा त्या मालिकेतल्या मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हचा असतो. सॅमसंग ९७० ईव्हीओ प्लसचं उदाहरण घ्या. १ टीबीला लिहिण्याचा वेग सेकंदाला ३,३०० एमबी दिला आहे, २५० जीबीला २,३०० एमबी. लहान ड्राइव्हमध्ये मेमरीच्या चकत्या कमी, म्हणून एकाच वेळी काम करणारे हातही कमी. दुकानदाराने सांगितलेला आकडा तुमच्याच क्षमतेचा आहे का, हे कंपनीच्या तपशीलपत्रकात बघून घ्या.

मोजणी

क्रिस्टलडिस्कमार्क (वेग मोजायला) आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (तापमान, जोडणी आणि ड्राइव्हची प्रकृती बघायला) ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

१. लॅपटॉप चार्जरवर लावा. लाइट गेलेली असताना बॅटरीवर केलेली मोजणी धरू नका; बॅटरीवर अनेक लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी वेग कमी ठेवतात.
२. सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे अपडेट आणि अँटिव्हायरसची पळापळ संपते. ब्राउझर बंद करा.
३. ड्राइव्हवर किमान २० टक्के जागा मोकळी ठेवा.
४. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये ५ फेऱ्या आणि १ जीबी आकार निवडून चाचणी लावा.
५. पहिल्या ओळीतला सलग वाचण्या-लिहिण्याचा आकडा, ड्राइव्हचं तापमान आणि खोलीचं तापमान कागदावर लिहून ठेवा.

खोक्याशी फक्त पहिली ओळ ताडून बघायची. सगळ्यात खालची ४के, एक रांग, एक थ्रेड अशी ओळ (लहान तुकडे एकेक करून वाचण्या-लिहिण्याची) चांगल्या ड्राइव्हवरही वाचताना साधारण ५० ते ९० एमबी दाखवते. तो दोष नव्हे. विंडोज सुरू होणं, टॅली उघडणं, सेतू केंद्रात एकामागून एक अर्ज भरणं ही सगळी कामं याच खालच्या ओळीवर चालतात. म्हणून ३,५०० चा ड्राइव्ह काढून ७,००० चा बसवला तरी अशा कामात फारसा फरक जाणवत नाही.

स्लॉट

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि 'ट्रान्सफर मोड' हा खाना बघा. तिथे उभ्या रेघेच्या डावीकडे सध्या चालू असलेली जोडणी दिसते आणि उजवीकडे ड्राइव्हला झेपणारी. डावीकडे 'पीसीआयई ३.० एक्स४' आणि उजवीकडे 'पीसीआयई ४.० एक्स४' असेल, तर कारण तिथेच सापडलं. पीसीआयई म्हणजे ड्राइव्हपर्यंतचा रस्ता; ३.० किंवा ४.० ही त्याची पिढी आणि एक्स४ म्हणजे चार लेन. तिसऱ्या पिढीच्या चार लेनमधून सैद्धांतिक ३,९४० एमबी जातात, प्रत्यक्षात साधारण ३,५००. चौथ्या पिढीत हेच आकडे ७,८८० आणि ७,००० च्या थोडे वर. तिसऱ्या पिढीच्या दोनच लेन मिळाल्या तर १,७०० च्या आसपास. ५५० वर अडकलात, तर तो ड्राइव्ह एम.२ आकाराचा (लांबट पट्टीसारखा) असूनही साटाचा, म्हणजे जुन्या, संथ जोडणीचा आहे.

इथे प्रोसेसर महत्त्वाचा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या दहाव्या पिढीपर्यंत पीसीआयईची तिसरीच पिढी मिळते. चौथी आली अकराव्या पिढीपासून. एएमडी रायझन ५००० मालिकेच्या लॅपटॉपमध्येही तिसरी, ६००० मालिकेपासून चौथी. फसगत होते ती रायझन ५ ७५३०यू सारख्या नावांत. आकडा ७००० चा दिसतो, पण आतली रचना जुनी आहे आणि जोडणी तिसऱ्याच पिढीची. अशा लॅपटॉपवर चौथ्या पिढीचा ड्राइव्ह बिनधोक चालतो, फक्त तिसऱ्या पिढीच्या वेगाने. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्याच पैशात ५१२ जीबीऐवजी १ टीबी घ्या, त्याचा उपयोग रोज होईल.

दोन स्लॉट असलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट कधी दोन लेनचा, कधी फक्त साटाचा असतो. मॉडेल क्रमांक टाकून कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल काढा आणि वेगवान ड्राइव्ह चार लेनच्या स्लॉटमध्ये हलवा. स्लॉट चार लेनचाच असूनही दोन दिसत असतील, तर ड्राइव्ह काढून संपर्कपट्टी कोरड्या, मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण आत सरकवून पुन्हा बसवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ कुठेही शिरते. लॅपटॉप उघडण्याआधी तो बंद करा आणि चार्जर काढा; उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर मदरबोर्डवरून सोडवा. हे टाळून ड्राइव्हचा स्क्रू काढायला घेतलात तर ड्राइव्हच्या वेगापेक्षा मोठं नुकसान होईल.

उष्णता की कॅशे?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण वरून दोन्ही सारखेच दिसतात. कॉपी जोरात सुरू होते आणि मध्येच वेग कोसळतो. उपाय मात्र अगदी वेगळे.

उष्णतेचं असं. ड्राइव्हचा कंट्रोलर (त्याचं काम सांभाळणारी चिप) साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, मॉडेलनुसार, स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. खोली जितकी तापेल तितकाच ड्राइव्हही जवळपास वर जातो. २७ अंशांच्या खोलीत भाराखाली ६५ पर्यंत जाणारा ड्राइव्ह मे महिन्यात परभणी-नांदेडच्या ४२ अंशांत, पत्र्याखालच्या दुकानात, ८० ला टेकतो. हिवाळ्यात बिनतक्रार चाललेला लॅपटॉप एप्रिलपासून अडखळू लागला, तर आधी हेच धरा.

कॅशेचं वेगळं. आजचे बहुतेक ड्राइव्ह टीएलसी किंवा क्यूएलसी मेमरीचे असतात. एका पेशीत अनुक्रमे तीन किंवा चार बिट. असं दाटीवाटीने लिहिणं मुळातच संथ. म्हणून ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग एका पेशीत एकच बिट लिहून भरभर वापरतो आणि नंतर सवडीने माल आत रचतो. मोंढ्यात माल आधी ओट्यावर उतरवतात आणि मग गोदामात थप्पी लावतात, तसंच. ओटा भरला की गाडी थांबते. काही क्यूएलसी ड्राइव्ह अशा वेळी १०० ते २०० एमबीवर येतात, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या बरोबरीला. आणि ड्राइव्ह जितका भरलेला, तितका ओटा लहान.

आता दोन्ही वेगळे ओळखायचे. ५० ते १०० जीबीची एक मोठी फाइल किंवा लग्नाच्या व्हिडिओंचं फोल्डर घ्या आणि त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख आणि शेजारी क्रिस्टलडिस्कइन्फोचं तापमान उघडं ठेवा. किती जीबी झाल्यावर वेग पडला आणि तेव्हा तापमान किती होतं, ते टिपा. मग ती प्रत पुसा, अर्धा तास थांबा, लॅपटॉप दोन पुस्तकांवर उचलून खालून टेबलफॅनचा वारा लावा आणि तीच कॉपी पुन्हा करा. वेग आधीइतक्याच जीबीला पडला आणि तापमान ६० च्या आत असलं, तर कॅशे. वाऱ्यामुळे पडणं लांबलं किंवा थांबलं, तर उष्णता. एकाच ड्राइव्हवर वाचणं आणि लिहिणं दोन्ही चालू असल्याने या चाचणीतला आकडा खोक्यापेक्षा कमीच येणार. आपल्याला हवी आहे ती फक्त पडण्याची जागा.

उष्णता निघाली तर आधी फुकटचे उपाय. लॅपटॉप गादीवर किंवा वाकळेवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. पंखा आणि जाळ्या ब्लोअरने साफ करा, आणि तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जिनिंगजवळ किंवा रस्त्याकाठी दुकान असेल तर हे दर तीन महिन्यांनी. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका; वारा गार असला तरी त्यात दमट हवा आणि कधी थेंबही येतात.

त्यानंतर थर्मल पॅड, म्हणजे ड्राइव्हची उष्णता झाकणाकडे नेणारी मऊ पट्टी. ड्राइव्ह आणि खालचं झाकण यांच्यातली फट मोजा. पद्धत सोपी: ड्राइव्हच्या चिपवर मळलेल्या कणकेचा वाटाण्याएवढा गोळा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवा, झाकण हलकेच दाबून बसवा, काढा आणि चपटा झालेला गोळा मोजपट्टीने मोजा. पॅड त्या जाडीचा किंवा अगदी किंचित जाड घ्या. १ मिमीच्या फटीत २ मिमीचा पॅड कोंबला तर ड्राइव्हची पट्टी वाकते आणि टाके सुटू शकतात. झाकण धातूचं असेल तर फायदा चांगला होतो. प्लास्टिकचं असेल तर आधी ड्राइव्हवर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ पट्टी लावून उष्णता पसरवावी लागते. डेस्कटॉपचा उंच हीटसिंक (उष्णता सोडणारा धातूचा ठोकळा) लॅपटॉपमध्ये मावत नाही.

कॅशे निघाला तर पॅडने काही होणार नाही. २० टक्के जागा मोकळी ठेवा, मोठी कॉपी ४०-५० जीबीच्या टप्प्यांत करा आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं लॅपटॉप चालू पण निवांत ठेवा. रोजच २०० जीबी फुटेज उतरवायचं असेल, तर क्यूएलसी ड्राइव्ह त्या कामाचा नाही. १ टीबी किंवा २ टीबीचा टीएलसी घ्या.

माल कुठून येतोय

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साध्या यूएचएस-१ मेमरी कार्डाची कमाल मर्यादा १०४ एमबी आहे, यूएसबी २ पोर्टची प्रत्यक्षात ३५-४०. बाहेरच्या केसमधला एनव्हीएमई ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट) यूएसबी पोर्टवर ४५० च्या पुढे जात नाही, १० जीबीपीएसवर १,००० च्या आसपास थांबतो. पोर्ट वेगवान आणि वायर मात्र फक्त चार्जिंगची, हेही नेहमीचं. हजारो लहान फोटो एकेक करून कॉपी करताना वेळ फाइली उघडण्या-मिटण्यात आणि अँटिव्हायरसच्या तपासणीत जातो. त्यांची एक झिप करून हलवा.

विंडोजमध्ये करण्यासारखं थोडंच आहे. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून ड्राइव्हचा प्रकार 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसतो का ते बघा आणि एकदा ऑप्टिमाइझ दाबा. त्याने पुसलेल्या जागेची माहिती ड्राइव्हला कळते. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. कंपनीचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं आलं असेल तर आधी बॅकअप घ्या, चार्जर लावा, बॅटरी पूर्ण भरू द्या आणि मगच टाका. भारनियमनाच्या वेळेत हे काम काढू नका. बिटलॉकरमुळे (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) वेग काहीसा घटतो, पण लॅपटॉप घेऊन एसटीने फिरणाऱ्याने तो बंद करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर आतली ग्राहकांची आधार कार्डं उघडी पडतात. रिकव्हरी की (ते कुलूप उघडण्याचा लांब क्रमांक) मात्र कागदावर लिहून घरी ठेवा.

एवढं करूनही जोडणी पूर्ण चार लेनची, तापमान ६० च्या आत, निम्मी जागा मोकळी आणि सलग वाचण्याचा आकडा जोडणीची मर्यादा आणि तपशीलपत्रकातला वेग यांतल्या लहान आकड्याच्या ७० टक्क्यांच्याही खाली असेल, तर ड्राइव्हवर संशय घ्यायला जागा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमधली 'हेल्थ स्टेटस' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ बघा. या दुसऱ्या ओळीत शून्याऐवजी काही असेल तर आधी डेटा दुसरीकडे काढा. मग दोन्ही सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट आणि बिल घेऊन वॉरंटीसाठी जा. जुनी पावती थर्मल कागदावर असेल तर तिचा फोटो आजच काढून ठेवा, उन्हाळ्यात ती शाई उडते.