पावसाळ्यासाठी बोट शाकारताना इंजिनातल्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं?

१ जूनला मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढून शाकारतात. झापं, ताडपत्री व्यवस्थित पडते, इंजिनात मात्र शेवटच्या फेरीचं खारं पाणी तसंच राहतं. थंड मुलखात ते गोठून ब्लॉक फुटण्याची भीती असते. आपल्याकडे शत्रू मीठ. पाणी आटतं, नळ्यांत थर बसतो आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो.

इथली पद्धत हीट एक्सचेंजर असलेल्या डिझेल इंजिनासाठी आहे. म्हणजे इंजिनात कूलंट फिरतं आणि ते हीट एक्सचेंजरमध्ये, नळ्यांतून जाणाऱ्या समुद्राच्या पाण्याने थंड होतं.

धुणं
शेवटच्या फेरीच्याच दिवशी करा, मीठ वाळायच्या आत. समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. पंपाकडे येणारा होज सोडवून २०० लिटर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवा, होज भरून घ्या, मगच इंजिन सुरू करा. आयडलवरच ठेवा, म्हणजे रेस न देता. पिंपात वीतभर पाणी उरलं की बंद; कोरडा पंप मिनिटभरातही इंपेलर, म्हणजे आतलं रबरी पात्यांचं चाक, जाळू शकतो. नळाचा पाइप थेट पंपाला जोडू नका. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणारं इंजिन बंद असताना दाबाचं पाणी आत गेलं, तर मफलर भरून ते सिलिंडरपर्यंत पोचतं.

निचरा
हीट एक्सचेंजर, ऑइल कूलर आणि पंप यांचे खालचे प्लग काढा. खरी चूक इथे होते. प्लग काढला, पाणी आलं नाही, म्हणजे आत काही नाही असं धरलं जातं. बहुतेक वेळा भोकाच्या तोंडाशी गंज आणि शिंपल्यांचा चुरा बसलेला असतो. तांब्याची तार आत फिरवा. आधी तपकिरी चिखल येतो, मग पाण्याची धार. होज जिथे खाली झोळ घेतो तिथेही पाणी साचतं, तो सोडवा.

नळ्यांत पांढरा कडक थर दिसला तर नळ्यांचा गाभा बाहेर काढून १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड घालून दोन-तीन तास भिजवा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. जस्ताची कांडी (इतर धातूंऐवजी स्वतः झिजून त्यांना गंजापासून वाचवणारी) आधी काढा, नाहीतर ॲसिड तीच खातं. लोखंडी सळई नळीत घालू नये. बाजारातलं फरशी धुण्याचं ॲसिड तर नकोच, ॲल्युमिनियमचे भाग ते झपाट्याने खातं.

जस्ताची कांडी निम्मी झिजली की बदला. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. कांडीचा धातूशी विजेचा संपर्क तुटला तर ती नुसती शोभेची.

इंपेलर
दोन महिने एकाच जागी दाबून राहिलेली पाती वाकडीच राहतात, म्हणून काढून सावलीत ठेवा. पात्याच्या मुळाशी चीर दिसली तर नवा घ्या. पातं तुटलेलं असेल तर तुकडा पुढे हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी सापडतो. तो काढल्याशिवाय नवा इंपेलर बसवून उपयोग नाही. बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्याचा साबण लावा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. आणि किल्लीला चिठ्ठी बांधा: “इंपेलर काढला आहे.” जुलैअखेरच्या घाईत हे हमखास विसरतं.

कूलंट
इंजिनातली कूलंटची बाजू रिकामी ठेवू नका, उघड्या लोखंडाला दमट हवेत गंज चढतो. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी नको. दोन रंगांची कूलंट मिसळू नका. “आपल्याकडे थंडी नाही, साधं पाणी चालतं” हे सगळ्या बंदरांवर ऐकू येतं, पण इथे कूलंट गंजासाठी असतं. ते विषारी आणि चवीला गोड, त्यामुळे सांडलेलं लगेच धुवा, कुत्री चाटतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याची सवय सोडा. इंजिन थंड राहतं, पण डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी धरते. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर ठेवून पाहा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

शेवटी एक्झॉस्टच्या तोंडात बोळा कोंबा, उंदीर आणि गांधीलमाश्या आत घर करतात. हा बोळाही चिठ्ठीवर लिहा.